अंधारात अनुस्वार वाचतो का?



ज्यांनी हे भाषण व्हिडिओवर पाहिलंय त्यांना आठवत असेल, मी बोलत होतो तेव्हा मागे पडद्यावर फोटो येत होते. पुस्तकात ते फोटो नाहीत. म्हणून जिथे मी फोटोवर बोट ठेवलं होतं, तिथे आता काय दिसत होतं ते शब्दांत सांगतो. बाकी भाषण होतं तसंच ठेवलंय.

विषय साधा आहे. खिशात मावणारा, पण फोनपेक्षा मोठा सेन्सर आणि चांगली लेन्स असलेला कॅमेरा कमी उजेडात खरंच कामाचा असतो का? दुकानदार हो म्हणतो. जाहिरात तर म्हणतेच. हातात चांगला फोन असलेला भाचा म्हणतो, ‘काका, कशाला पैसे घालवता?’ हा प्रश्न मला पुण्यात पडला आणि त्याचं उत्तर मिळालं तंजावुरात. ते कसं, ते सांगतो.

माझी सासुरवाडी तंजावूरची. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमाराला तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. मधल्या पावणेदोनशे वर्षांत जी मराठी घरं तिकडे रुजली, त्यांतलंच हे एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. घराला पुढे ओटा, ज्याला तिथे तिण्णै म्हणतात. मध्ये आभाळाला उघडा चौक आणि चौकाच्या मागे देवघर. या देवघराला खिडकी नाही. भरदुपारीसुद्धा आत गेलं की डोळे स्थिरावायला वेळ लागतो.

देवघरात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक रामपट्टाभिषेकाचं तंजावूर शैलीतलं चित्र. ही चित्रं लाकडी फळीवर कापड चिकटवून करतात. दागिने, महिरप, सिंहासन हा भाग खडूची पूड आणि डिंकाच्या लेपानं उचलून घेतात, त्यावर सोन्याचा वर्ख लावतात, काचेचे खडे बसवतात. दुसरी गोष्ट म्हणजे पितळी समई, पाच वातींची. तिच्या बैठकीवर माझ्या बायकोच्या आजीचं नाव घातलेलं आहे. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालतात ना, तसंच.

या घरात माझ्या बायकोच्या आत्या राहतात. वय ८४. गेल्या वर्षी घर विकायचं ठरलं. पोंगल झाला की ताबा द्यायचा. चित्र थोरल्या मुलाकडे चेन्नईला जाणार, समई मुलीकडे बंगळूरला आणि आत्याही चेन्नईला. वाटणीत भांडण नव्हतं, सगळं समजुतीनं झालं होतं. पण बायको मला म्हणाली, ‘देवघर जसं आहे तसं, समई तेवत असताना, आत्या पूजेला बसलेली, असा एक फोटो हवा. आणि समईवरचं आजीचं नाव दिसायला हवं.’

नवरात्रात आम्ही गेलो होतो तेव्हा मी फोननं प्रयत्न केला. फोन चांगला होता. त्यातला रात्रीचा मोड लावला, हात स्थिर धरला आणि फोटो आला तो भरदुपारच्या उजेडातला वाटावा असा. भिंतीचा पोपडा दिसत होता, कोपऱ्यातली तेलाची बाटली दिसत होती. चित्रातलं सोनं पिवळट पांढरं झालं होतं. आत्यांचे हात मात्र धुरासारखे पुसट आले होते, कारण त्या फुलं वाहत होत्या. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि त्यांच्या तमिळ हेलाच्या मराठीत विचारलं, ‘मग मी दिवा कशाला लावला?’

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुण्याला परत आल्यावर एका मित्राकडून त्याचा छोटा कॅमेरा महिनाभरासाठी मागून घेतला. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण मॉडेलं बदलत राहतात आणि तुम्ही हे वाचाल तेव्हा दुकानात दुसरंच असेल. आकडे सांगतो, ते टिकतात. सेन्सर ‘एक इंच’ जातीचा. लेन्स २४ ते ७० मिलिमीटरच्या बरोबरीची, छिद्र एफ १.८ ते एफ २.८. हात हलला तर सांभाळून घेणारी व्यवस्था आहे. नवा घ्यायचा तर किंमत स्कूटरच्या आसपास जाते, म्हणून विकत घेण्याआधी परीक्षा घ्यायचीच होती.

या जातीचा थोडा इतिहास सांगतो, दोन मिनिटांत. २००८ च्या सुमारापासून कंपन्यांनी छोट्या कॅमेऱ्यांना एफ २ च्या मोठ्या छिद्राच्या लेन्स द्यायला सुरुवात केली. पॅनासॉनिकचा एलएक्स ३, २००९ चा कॅननचा एस ९० ही त्यातली नावं. पण सेन्सर नखाएवढेच होते. २०१२ मध्ये सोनीनं आरएक्स १०० काढला आणि खिशातल्या कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर आला. २०१३ मध्ये रिकोच्या जीआरमध्ये त्याहून मोठा, एपीएस-सी आकाराचा आला, मात्र झूम नसलेला. मग फोन सुधारले. २०१८ मध्ये गूगलनं पिक्सेल फोनांत ‘नाइट साइट’ आणलं आणि पुष्कळांचे छोटे कॅमेरे कपाटात गेले. म्हणजे माझ्या भाच्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आता एक गैरसमज दूर करू. ‘एक इंच’ म्हणजे सेन्सर एक इंचाचा नसतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. जुन्या स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात सेन्सर असायचा साधारण २८ चौरस मिलिमीटर. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ८६४. पावसात अंगणात वाटी ठेवली की परात, यावर किती पाणी जमेल ते ठरतं. तसंच हे.

आणि पाऊस कमी असला की थेंब सारखे पडत नाहीत. दोन शेजारशेजारच्या वाट्यांत कमीजास्त पाणी जमतं. उजेडाचंही तसंच आहे. सेन्सरच्या एका ठिपक्यावर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील तर १० कमीजास्त होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर १०० चा फरक, म्हणजे फक्त एक टक्का. अंधारात फोटोत दिसणारी रवाळ घाण बरीचशी ही असते. आयएसओ वाढवल्यानं उजेड वाढत नाही, जमलेलं पाणी नुसतं मोठं करून दाखवलं जातं, त्यातल्या चढउतारासकट.

मग कॅमेरा काय करतो? तो ही घाण पुसतो. आणि पुसता पुसता काय पुसलं जातं, हे मला तंजावूरच्या मोठ्या देवळात कळलं.

कार्तिक दीपमच्या तीन दिवस आधी आम्ही पोचलो. तमिळ लोकांचा हा कार्तिगै दीपम आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला येतो. त्या संध्याकाळी तिथल्या मराठी घरांतही ओट्यापासून देवघरापर्यंत पणत्या लागतात. फोटो त्याच दिवशी काढायचा होता, कारण या घरातला तो शेवटचा दीपम होता. हातात तीन दिवस होते आणि कॅमेरा माझ्या सवयीचा नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळानं बांधलेलं, १०१० मध्ये पुरं झालेलं देऊळ. तिथे ओवऱ्यांच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेनं १८०३ मध्ये कोरलेला, भोसले वंशाचा इतिहास सांगणारा. जगातल्या मोठ्यात मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तिथे उभं राहिलं की आजूबाजूला सगळं तमिळ बोलणं चालू असतं आणि डोळ्यांसमोर भिंतभर देवनागरी. ज्यानं हे पाहिलं नसेल त्यानं एकदा जरूर पाहावं.

हीच भिंत का निवडली? कारण बारीक अक्षर ही कॅमेऱ्याची सगळ्यात प्रामाणिक परीक्षा आहे. चेहरा छान आला की नाही यावर वाद होतो. अक्षर वाचता येतं किंवा येत नाही, मध्ये काही नसतं. ही कल्पना माझी नाही. १८५८ मध्ये याच देवळात लिनियस ट्राइप नावाचा मद्रास सरकारचा छायाचित्रकार आला होता. त्यानं विमानाच्या जोत्यावरचे शिलालेख कागदी निगेटिव्हवर टिपले आणि २१ छापे जोडून जवळजवळ सहा मीटर लांबीची एक पट्टी तयार केली. त्याच्याकडे तिवई होती, भरपूर ऊन होतं आणि एकेका फोटोला लागेल तेवढा वेळ. मला या देवळात तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी आणि सूर्य मावळत होता.

त्या ओवरीत त्या वेळी साधारण २० लक्स उजेड होता. भरदुपारी उन्हात तो लाखाच्या घरात असतो. मी झूम न करता, एफ १.८ वर, हातात धरून तीन फोटो काढले. आयएसओ १६०० ला शटर बसलं १/४० सेकंद, ३२०० ला १/८०, ६४०० ला १/१६०. प्रत्येक फोटो जेपेग आणि रॉ अशा दोन्ही रूपांत. घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून पाहिले.

१६०० चं जेपेग ठीक होतं. ३२०० ला अक्षरं होती, पण मेण लावल्यासारखी. ६४०० ला एक गंमत झाली. ओळ वाचता येत होती, आणि वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. जरा वेळानं लक्षात आलं, अनुस्वार गेले होते! जुन्या मराठीत अनुस्वार किती असतात तुम्हाला माहीत आहे. त्या भिंतीवर ते दगडात कोरलेले आहेत, दोनशे वर्षं टिकलेले आहेत. पण कॅमेऱ्यातल्या सफाई करणाऱ्या यंत्रणेला वाटलं, हा एकटा ठिपका म्हणजे घाण. पुसून टाकला. दगडावरचा ठिपका आणि अंधारातला रवा यांतला फरक तिला कळत नाही.

मग त्याच फोटोचं रॉ उघडलं. रॉ म्हणजे सेन्सरनं जे टिपलं ते, सफाईच्या आधीचं. रवा भरपूर होता, पण अनुस्वार जागेवर होते. माझ्या डोळ्यांना आणि डोक्याला मराठी येत असल्यामुळे रव्यातूनही ठिपका ओळखू आला. तेव्हापासून मी कुठल्याही कॅमेऱ्याची अंधारातली परीक्षा याच प्रश्नानं घेतो: अनुस्वार वाचतो का? दोन्ही अर्थांनी.

फोनचंही प्रामाणिकपणे सांगतो. त्याच भिंतीचा फोनच्या रात्रीच्या मोडमधला फोटो माझ्या ३२०० च्या जेपेगपेक्षा सरस होता. कारण फोन एक फोटो काढत नाही, लागोपाठ पुष्कळ काढतो आणि एकावर एक ठेवून सरासरी घेतो. १६ फोटो एकत्र केले की रवा चौथाईवर येतो. भिंत हलत नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे छान चालते. देवघरात ती फसली होती, कारण आत्या हलत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत गेलो आणि भिंत हलत नाही या गोष्टीचा मीही फायदा घेतला. आयएसओ ४०० वर आणला, शटर झालं १/१० सेकंद. श्वास सोडून, कोपर बरगड्यांना लावून, लागोपाठ पाच-पाच फोटो काढले. हात सांभाळणाऱ्या व्यवस्थेमुळे पाचांतले तीन धारदार आले. मग पिशवीवर कॅमेरा टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला, आयएसओ १२५, एफ २.८, शटर पाऊण सेकंद. हा फोटो फोनच्या फोटोपेक्षा उघडउघड चांगला होता. अनुस्वारच काय, छिन्नीचा घावसुद्धा दिसत होता.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. पहिल्या दिवशी उजेड समोरून, सपाट येत होता. दुसऱ्या दिवशी मी थोडा आधी गेलो तेव्हा तो भिंतीला घासून, बाजूनं येत होता. खोदलेल्या अक्षराच्या एका काठावर उजेड, दुसऱ्या काठावर सावली. अक्षर उठून आलं. तेवढ्यात शेजारी एका पाहुण्यानं फोनचा फ्लॅश मारला. त्याच्या फोटोत भिंत पांढरी आली असणार आणि अक्षरं गेली असणार, कारण समोरून मारलेला उजेड खाचेतली सावलीच खाऊन टाकतो.

इथवरची परीक्षा न हलणाऱ्या वस्तूची होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे दीपमच्या आदल्या संध्याकाळी, देवघरात रंगीत तालीम केली.

तेलाची एक वात म्हणजे साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर एक लक्स. पाच वाती, पाच लक्स. देवळातल्या संध्याकाळच्या चौथा हिस्सा. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणजे आत्या वीतभर मागे सरकल्या तरी फरक पडणार.

मी दाराशी बसलो आणि चेहरा जवळ दिसावा म्हणून पूर्ण झूम केलं. इथे पहिली चूक. झूम करताच छिद्र एफ १.८ वरून एफ २.८ वर गेलं, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी झाला. आयएसओ ३२०० ला शटर आलं १/८ सेकंद. चित्र धारदार, समई धारदार, आत्यांचा हात गायब. हात सांभाळणारी व्यवस्था माझा हात सांभाळते, आत्यांचा नाही. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

दुसरी चूक. कॅमेरा आपोआप फोकस करायला गेला आणि अंधारात चाचपडत राहिला. पुढे, मागे, पुढे, मागे. मदतीला त्यानं आपला छोटा तांबडा दिवा लावला, तो थेट आत्यांच्या डोळ्यांवर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्या काही बोलल्या नाहीत, पण आरती जराशी थांबली. मी ओशाळलो. तो दिवा कायमचा बंद केला.

तिसरी चूक मला रात्री कळली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो सुरेख उजळ दिसत होते. लॅपटॉपवर बघतो तर काळे. अंधारात बसल्यावर आपले डोळे इतके उघडलेले असतात की तो छोटा पडदा सूर्यासारखा वाटतो. त्यामुळे कमी उजेडात पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. हिस्टोग्राम नावाचा जो आलेख असतो तो लावून ठेवायचा आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

आणि रंग. तेलाच्या दिव्याचा उजेड फार तांबूस असतो, सुमारे १,९०० केल्विन. दुपारचं ऊन ५,५०० च्या आसपास. कॅमेरा आपोआप रंग ठरवायला गेला की त्याला वाटतं, एवढं तांबूस काहीतरी चुकलंय, दुरुस्त करू. मग सोन्याचा वर्ख लिंबाच्या सालीसारखा होतो. ज्या कारागिरानं ते चित्र केलं त्यानं ते ट्यूबलाइटखाली बघायला केलेलं नव्हतं. समईच्या ज्योती हलतात तसा तो उंचवट्याचा वर्ख जागोजागी चमकतो आणि विझतो. रामाचा मुकुट आधी दिसतो, मग सीतेचा चेहरा, आणि पायाशी बसलेला मारुती सगळ्यात शेवटी.

त्या रात्री मी दुसऱ्या दिवसासाठी एका कागदावर लिहून काढलं. झूम नाही, २४ मिलिमीटरवरच, म्हणजे एफ १.८. आयएसओ ३२००. मीटर सांगेल त्यापेक्षा एक पायरी काळा फोटो, कारण खोली काळीच आहे. त्यामुळे १/२० ऐवजी शटर १/४० मिळतं. फोकस हातानं, समईच्या धारेवर, एकदाच. रंग ठरवण्याचं काम कॅमेऱ्याकडे नाही. रॉ चालू. आवाज बंद.

इथे छोट्या सेन्सरचा एक फायदा सांगायला हवा, जो क्वचित कुणी सांगतं. याच कोनाच्या लेन्सनं, एफ १.८ वर, एक मीटरवर फोकस केला तर या कॅमेऱ्यात साधारण ८० सेंटिमीटरपासून १.३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यात त्याच छिद्राला जेमतेम ९० सेंटिमीटर ते १.१ मीटर. म्हणजे समई, आत्या आणि चित्र तिन्ही स्पष्ट हवी असतील तर मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र बारीक करावं लागतं आणि मोठ्या सेन्सरनं मिळवलेला उजेड त्यात बराचसा जातो. आमच्या या एका फोटोपुरता छोटा कॅमेरा मोठ्याच्या जवळ जाऊन बसला होता.

पण एक गोष्ट तालमीत सुटली नव्हती. समईवरचं नाव. कुठल्याच फोटोत ते वाचता येत नव्हतं. रॉमध्येही नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण किती सहज वापरतो! पाच वाती वर, त्यांची तबकडी मध्ये आणि नाव खाली बैठकीवर, तबकडीच्या सावलीत. तिथे उजेडच पोचत नव्हता. जिथे उजेड पोचत नाही तिथे सेन्सर कितीही मोठा असो, काय टिपणार? मी बायकोला म्हटलं, नाव काही येणार नाही. ती म्हणाली, ‘बघू.’

दीपमच्या संध्याकाळी आत्यांनी ओट्यावर, चौकात आणि शेवटी देवघरात पणत्या लावल्या. देवघरात जमिनीवर, समईच्या भोवती. मी दाराशी मांडी घालून बसलो होतो, कॅमेरा गुडघ्यावर. पणत्यांमुळे उजेड थोडा वाढला, शटर १/६० वर नेता आलं. आत्यांनी पूजा केली. मी अर्ध्या तासात शंभरावर फोटो काढले, एकही शब्द न बोलता. बॅटरी छोटी असते, दुसरी खिशात होती, ती घालावी लागली. आरतीच्या शेवटी त्यांनी दोन्ही हात ज्योतीवरून फिरवून डोळ्यांना लावले. तिथे मी थांबलो.

रात्री पाहिले. नऊ फोटो ठेवण्याजोगे. बाकीच्यांत कुठे हात पुसट, कुठे चेहरा कडेला जाऊन ताणलेला; २४ मिलिमीटरवर कडेचा चेहरा ताणला जातोच. नवांतला एक तो. आत्यांचा अर्धा चेहरा उजेडात, अर्धा नाही. मुकुटावर सोनं, मारुती जवळजवळ अंधारात. छताचं काही दिसत नाही. आणि समईची बैठक, जमिनीवरच्या पणत्यांच्या उजेडात, खालून आणि बाजूनं उजळलेली. ठिपक्यांनी घातलेलं नाव, प्रत्येक ठिपक्याची एक कड चमकणारी. मोठं करून पाहिलं. वाचता येत होतं. जेपेगमध्ये ते अर्धवट होतं, रॉमध्ये पूर्ण.

म्हणजे नाव कॅमेऱ्यानं आणलं नाही, पणत्यांनी आणलं. देवळाच्या भिंतीवर बाजूच्या उजेडानं जे केलं तेच त्यांनी इथे केलं. कॅमेऱ्यानं एवढंच केलं की जे समोर आलं ते हरवू दिलं नाही. पण त्याच्याकडून एवढंच हवं होतं.

आता निकाल सांगतो. न हलणारी वस्तू आणि टेकायला जागा असेल तर असा कॅमेरा फोनपेक्षा चांगला, पण फोनवर काम भागतं. माणूस हलत असेल, उजेड दिव्याचा असेल आणि तो दिव्याचाच दिसायला हवा असेल, तर फरक मोठा आहे आणि पैसे वसूल आहेत. मात्र रॉ वापरायची तयारी नसेल तर घेऊ नका, निम्मा कॅमेरा कपाटात राहील. घेताना मेगापिक्सेल मोजू नका. सेन्सरचा आकार विचारा, झूम केल्यावर छिद्र किती उरतं ते विचारा आणि मदतीचा दिवा बंद करता येतो का ते बघा. दुकानातल्या झगझगाटात परीक्षा घेऊ नका. शक्य असेल तर उसना घ्या आणि जिथे खरोखर वापरायचा आहे त्या जागी न्या. घरी परीक्षा घ्यायची तर रात्री खोलीत एकच दिवा ठेवा, पंचांगाचं पान उघडा आणि कुणाला तरी शेजारी हात हलवत बसवा. मग अनुस्वार बघा आणि हात बघा.

मी मित्राचा कॅमेरा परत केला आणि त्याच जातीचा, दोन पिढ्या जुना, कुणाचा तरी वापरलेला घेतला. सेन्सरचा आकार तोच आहे, पैसे निम्म्याहून कमी लागले.

त्या फोटोचे तीन छापे केले. एक चेन्नईला, एक बंगळूरला, एक आमच्याकडे. घराचा ताबा द्यायच्या आधी मी आत्यांना त्यांचा छापा दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला नाही, देवघरातच नेला आणि समईपाशी धरून बराच वेळ पाहिला. मग बैठकीवरच्या नावावर बोट ठेवून आईचं नाव मोठ्यानं वाचलं. म्हणाल्या, ‘आता दिवा लावलेला दिसतो.’